भिंतीला टांगलेली पॅनलं

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या डोंगरांत मुटझे नावाचा एक तलाव आहे. उंची जवळजवळ 2500 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अर्धं कळसूबाई ठेवायचं! या तलावाला एक किलोमीटरहून थोडी लांब धरणाची भिंत आहे आणि त्या भिंतीवर सुमारे 5000 सोलर पॅनलं बसवली आहेत. बसवली कसली, टांगलीच आहेत म्हणा ना.

आता तुमच्या इमारतीच्या गच्चीवरचं सोलर आठवा. ते कसं असतं? आकाशाकडे तोंड करून, जरासं दक्षिणेकडे कललेलं. मग या स्विस लोकांनी ते उभ्या भिंतीला का लावलं? तिथे गच्च्या नाहीत का? आहेत की. पण त्यांना वीज हवी आहे ती मुख्यतः हिवाळ्यात. थंडीत घरं तापवायची असतात, दिवे लवकर लागतात. शिवाय डोंगरातलं पाणी बर्फ होऊन बसतं, त्यामुळे नद्या रोडावतात आणि पाण्यावरची वीजही कमी होते. नेमक्या त्याच दिवसांत सूर्यही अंग चोरतो.

किती चोरतो, ते तुम्हीच मोजा. गणित सोपं आहे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे भूगोलात वाचलं असेल. त्यामुळे 21-22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेला अगदी टोकाशी गेलेला असतो. त्या दिवशी भर दुपारी तो क्षितिजापासून किती अंश वर दिसेल? 90 मधून आपल्या गावाचा अक्षांश वजा करा, मग आणखी साडेतेवीस वजा करा. झालं!

नागपूरचा अक्षांश 21. उत्तर आलं साडेपंचेचाळीस. म्हणजे डिसेंबरातही आपला सूर्य आकाशात निम्म्या उंचीवर असतो. आता नॉर्वेची राजधानी ऑस्लो घ्या. अक्षांश 60. उत्तर? साडेसहा! भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेसहा अंश वर. एक मीटरची काठी उभी केली तर तिची सावली साडेआठ मीटरच्याही पुढे जाते.

असा आडवा येणारा प्रकाश पकडायचा कसा? रात्री दिवे घालवा, टॉर्च घ्या आणि गणिताच्या वहीचा चौकटींचा कागद टेबलावर ठेवा. टॉर्च सरळ वरून धरा आणि उजेडाचा गोल किती चौकटींवर पडला ते मोजा. मग टॉर्च तेवढ्याच अंतरावर ठेवून तिरका करा. गोल लांबट होऊन जास्त चौकटींवर पसरेल. उजेड तेवढाच, वाटेकरी वाढले! प्रत्येक चौकटीला मिळणारा हिस्सा घटला. आता कागदच उचलून टॉर्चच्या समोर उभा धरा. हिस्सा परत पूर्वीएवढा.

ऑस्लोत डिसेंबरच्या दुपारी नेमकं हेच घडतं. पॅनल जमिनीवर आडवं ठेवलं तर सूर्यासमोर थेट धरलेल्या पॅनलला जेवढं ऊन मिळालं असतं त्यातले शंभरातले 11-12 भागच त्याच्या वाट्याला येतात. तेच पॅनल दक्षिणेकडे तोंड करून सरळ उभं केलं तर 99 भाग. पण थांबा, पुढची गंमत मला जास्त आवडते. पॅनल अगदी उभं न करता 60 अंशांवर कलतं ठेवलं तर किती मिळेल? 92! सूर्याच्या नेमापासून तेवीस-चोवीस अंश चुकलो, तरी नुकसान फक्त आठ भागांचं. म्हणून कोनमापक घेऊन एकेका अंशासाठी जीव काढणाऱ्यांनी जरा शांत बसायला हरकत नाही. ढगाळ दिवशी तर उजेड सगळ्या आकाशातून झिरपत येतो, तेव्हा नेमक्या कोनाचं महत्त्व आणखी कमी होतं.

जीव काढायचाच असेल तर सावलीसाठी काढा. सूर्य खाली असला की शेजारच्या घराचं धुरांडं, पाइनचं झाड, पुढच्या रांगेतलं पॅनल, सगळ्यांच्या सावल्या लांबच लांब पसरतात. पॅनलमधले चौकोनी सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बागेतल्या पाण्याच्या नळीवर कुठेही पाय पडला की पुढचं सगळं पाणी मंदावतं ना, तसंच इथे होतं: एका सेलवर गडद सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांची वीजही अडते. म्हणून पॅनलमध्ये डायोड बसवतात. तो विजेला त्या अडलेल्या गटाला वळसा घालून जाऊ देतो. तरी तेवढ्या गटाची वीज बुडते ती बुडतेच. उत्तरेकडच्या देशांत पॅनलच्या दोन रांगांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडतात ती यासाठी.

आता बर्फाकडे वळू. आडव्या पॅनलवर बर्फ साचलं की ते पांघरूण घेऊन झोपतं. उभ्या पॅनलवरून बर्फ आपोआप घसरून जातं. आणि खाली पडलेलं बर्फही बिनकामाचं नसतं. ताजं, पांढरंशुभ्र बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परत उधळतं. त्यातला काही समोर उभ्या असलेल्या पॅनलला मिळतो. म्हणजे ऊन एकदा आकाशातून आणि एकदा जमिनीवरून!

‘पण तिथे एवढी थंडी, मग पॅनल चालतं कसं?’ असं कुणाच्या तरी मनात आलं असेलच. उलट ते खूश असतं. पॅनलला हवा असतो उजेड, उष्णता नाही. साधारण एक अंश तापमान वाढलं की त्याची वीज तीन-चार दशांश टक्क्यांनी घटते. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरचं पॅनल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलं, तर पंचवीस अंशांना जेवढी वीज दिली असती त्यापेक्षा बारा-चौदा टक्के कमी देतं. तेच पॅनल आल्प्सच्या थंडगार उन्हात फायद्यात राहतं.

मुटझेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. हिवाळ्यात झुरिकसारख्या सखल भागावर दिवसचे दिवस धुक्याची चादर असते. तिथली छपरं वर्षभरातल्या विजेचा साधारण पाव हिस्साच हिवाळी सहामाहीत देतात. मुटझे मात्र धुक्याच्या वर आहे. तिथे लख्ख ऊन असतं. त्या भिंतीवर वर्षाला सुमारे 33 लाख युनिट वीज तयार होते आणि त्यातली जवळजवळ निम्मी हिवाळी सहामाहीत! एवढ्या उंचीवर सामान चढवायला हेलिकॉप्टर वापरावं लागलं, तेव्हा हा उद्योग स्वस्तातला नाही हे ओघानं आलंच. आणि उभ्या पॅनलला उन्हाळ्यात तोटाही होतो, कारण तेव्हा सूर्य वर चढतो आणि ऊन त्याच्या अंगावरून निसटून खाली जातं. पण उन्हाळ्यात वीज तशीही बक्कळ असते. जेव्हा टंचाई तेव्हा मिळणारं युनिट जास्त मोलाचं, हा हिशेब मला पटतो.

मग आणखी उत्तरेला गेलो तर? चला, वजाबाकी पुन्हा एकदा. आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड बेटांवर भारताचं ‘हिमाद्री’ नावाचं संशोधन केंद्र आहे, 2008 पासून. तिथला अक्षांश जवळजवळ 79. नव्वदातून 79 गेले, उरले 11. त्यातून साडेतेवीस वजा केले तर उत्तर येतं उणे साडेबारा! गणित चुकलेलं नाही. उणे म्हणजे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या खाली. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तिथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. तेव्हा पॅनल आडवं ठेवा, उभं ठेवा, नाहीतर उलटं टांगा. डिसेंबर 2023 मध्ये भारताचे शास्त्रज्ञ पहिल्यांदाच तिथल्या हिवाळी मोहिमेवर गेले, ते याच अंधारात काम करायला.