आडवाटेचे रथ

वाहन कसे असावे, हे प्रथम वाट ठरवीत असते. आपल्या पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर भुसभुशीत रेती आहे. मोपाच्या बाजूस वळावे तर कठीण चिऱ्याचा सडा लागतो. डिचोलीकडे खाणींच्या तांबड्या मातीचा पावसाळ्यात असा चिखल होतो, की रुतलेला पाय बाहेर येतो आणि चप्पल आतच राहते. डांबरी रस्त्यावर झोकात धावणारी मोटार या तिन्ही ठिकाणी हतबल होते. अशा आडवाटांसाठी काही कल्पक माणसांनी स्वतःच्या हातांनी हलकी, उघडी, चौचाकी वाहने घडविली. घोड्याच्या गाडीचेच जुने नाव घेऊन त्यांना ‘बग्गी’ म्हणू लागले. या वाहनांची धक्के सोसणारी रचना व एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा यांची ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

स्प्रिंगा केवळ बसणाऱ्याच्या सुखासाठी असतात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्यांचे पहिले काम चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे होय. अधांतरी राहिलेले चाक गाडी पुढे नेत नाही, वळवीत नाही आणि थांबवीतही नाही. बैलगाडीचे एक चाक दगडावर चढले की सारी गाडी कलते. जुन्या जीपगाडीला पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा असत. परंतु डावे व उजवे चाक एकाच ताठ आसाला जोडलेले असल्यामुळे एक चाक उचलले गेले की दुसरेही तिरपे होई. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने जोडणी केलेल्या जीपगाड्या याच घडणीच्या होत्या.

बग्गी घडविणाऱ्यांनी बहुधा प्रत्येक चाक स्वतंत्र केले. दोन त्रिकोणी भुजांच्या टोकास चाक बसवावयाचे व त्या भुजा सांगाड्याला बिजागरीसारख्या जोडावयाच्या, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी शेजारच्याला त्याची खबर नसते. नुसती स्प्रिंग मात्र एकदा दबली की चेंडूसारखी उसळत राहील. म्हणून तिच्या जोडीला तेल भरलेली नळी असते. धक्का बसला की आतील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते.

याहून निराळ्या युक्त्याही झाल्या. १९६४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी ‘मायर्स मँक्स’ ही बग्गी घडविली. तिचे यंत्रभाग फोक्सवॅगन मोटारीचे होते. त्या मोटारीत वेटोळ्यांच्या स्प्रिंगा नसून पोलादी दांडा पिळला जाऊन धक्का सोसतो. एंजिन मागे असल्याने वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडे आणि ती चाके रेती पकडून ठेवीत. फ्रान्समधील ‘सिट्रोएन २ सीव्ही’ ही १९४८ साली लोकांपुढे आलेली मोटार तर शेतकऱ्यासाठीच योजिलेली होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी अट तिच्या रचनाकारांना घातली होती असे सांगतात. त्यांनी एका बाजूचे पुढचे व मागचे चाक स्प्रिंगांच्या द्वारे एकमेकांशी जोडले. पुढचे चाक उंचवट्यावर चढू लागले की मागची बाजूही उचलून धरली जाई व गाडी समतोल राही.

आता शक्तीच्या वाटपाकडे वळू. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडते. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दात्यांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण वेगवेगळ्या गतीने फिरू देते. रस्त्यावर हा तिचा गुण, चिखलात तोच दोष! एक चाक बुळबुळीत जागी सापडले की त्याला फिरावयास थोडाच जोर पुरतो. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो, आणि गाडी जागच्या जागी चिखल उडवीत राहते. यावर उपाय म्हणून काही वाहनांत ही पेटी खटक्याने जखडून टाकण्याची सोय असते. सिट्रोएनच्या ‘सहारा’ गाडीत तर पुढे एक व मागे एक अशी दोन एंजिने होती. प्रत्येक एंजिन आपापल्या जोडीची चाके फिरवी, व एक बंद पडले तरी दुसऱ्यावर घर गाठता येई.

आपल्या देशात ही विद्या विद्यार्थ्यांच्या हाती आली आहे, ही विशेष आनंदाची गोष्ट होय. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेच्या धर्तीवर २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. सर्व संघांना सारखेच लहान एंजिन. म्हणून यश ठरते ते रचनेच्या कल्पकतेवर आणि जोडकामाच्या चोखपणावर. पुष्कळ संघ आपल्या बिनगियरच्या स्कूटरमध्ये असतो तसा, कप्प्यांवर सरकत आपोआप गती जुळविणारा पट्टा वापरतात. अखेरची शर्यत सलग चार तासांची असते. ज्याचा सांधा कच्चा, तो तेथे उघडा पडतो.

गोव्याच्या पावसातही २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या मूळच्या मलेशियातील स्पर्धेची भारतीय आवृत्ती भरू लागली. असे खेळ आखून दिलेल्या जागीच शोभतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या वाहनाची मूळ घडणही मालकाला मन मानेल तशी बदलता येत नाही. मग बिननोंदणीचे घरगुती वाहन रस्त्यावर आणण्याची गोष्टच नको. आपले किनारे तर या खेळाला सर्वथैव वर्ज्य आहेत. मोरजीच्या रेतीत सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. चाकाखाली ती अंडी चिरडतात आणि वाळूच्या टेकड्यांना बांधून ठेवणारी मर्यादवेल उखडते. मग वाऱ्याने वाळू मोकळी होते, आणि आज मौजेसाठी केलेल्या चाकोरीची किंमत उद्या किनाऱ्यावरच्या घरांना मोजावी लागते. अंडी सुखरूप नेण्यासाठी ज्यांनी बुद्धी वेचली, त्यांच्या विद्येने अंडी चिरडावीत, ही केवढी विसंगती!

विद्यार्थिमित्रहो, यंत्रशास्त्राचा आरंभ महागड्या यंत्रापासूनच होतो असे नाही. गावच्या गॅरेजात एखादी गाडी उंच उचललेली असेल, तर मिस्त्रींची परवानगी घेऊन तिच्या खाली पाहा. एका बाजूचे चाक हाताने फिरविले की दुसरे उलट का फिरते, ते त्यांना विचारा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील ताण, पीळ आणि घर्षण तेथे तेलाने माखलेले दिसतील. अशा हातांना कमी लेखू नका. पुस्तक आणि पाना यांची गाठ ज्याच्या हातून पडेल, त्याच्यासाठी फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाट आडवाट राहणार नाही.