विस्मरणाची रक्ततपासणी

वृद्धांच्या वाढत्या विस्मरणामागे अल्झायमरचा रोग आहे का, हे जाणण्यासाठी पूर्वी पाठीच्या कण्यातील द्रव सुईने काढावा लागे, नाहीतर महागडा पेट स्कॅन करावा लागे. आता रक्तावरूनही ते कळू लागले आहे. या रोगात मेंदूत ॲमिलॉइड प्रथिन साचते आणि चेतापेशींतील टाऊ प्रथिनाला जादा फॉस्फेट चिकटतात. अशा टाऊचा एक प्रकार, पी-टाऊ २१७, अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरतो. स्वीडनमध्ये सुमारे १२०० रुग्णांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तचाचणी सुमारे ९० टक्के वेळा बरोबर ठरली. प्राथमिक डॉक्टरांचे निदान ६१ टक्के.

हा आकडा मात्र जपून वाचावा. समजा, चाचणी रोगी व निरोगी दोघांनाही ९० टक्के अचूक ओळखते. तक्रार घेऊन आलेल्या १०० जणांत ५० रोगी असतील, तर ४५ रोगी सापडतात आणि ५ निरोगी उगाच धास्तावतात. तक्रार नसलेल्या १०० जणांत रोगी १०च असतील, तर ९ खरे, ९ खोटे! (वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.) मूत्रपिंडे दुबळी असली तरीही रक्तातील पी-टाऊ वाढते. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांनीही स्मरणशक्ती मंदावते, आणि ती उपचाराने सुधारू शकते. त्या साध्या तपासण्या आधी कराव्यात.