प्रशिक्षणाने हल्ले कमी होतात का? आधी विचारा, मोजलं काय?

रुग्णालयात कर्मचाऱ्यांना मारहाण झाली की पहिली मागणी येते: प्रशिक्षण द्या. त्यात समोरच्याचा चढता पारा ओळखणं, अंतर राखणं, दाराकडची वाट मोकळी ठेवणं, शांतपणे बोलणं शिकवतात. पण याने हल्ले घटतात का?

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ९ अभ्यास, १,६८८ सहभागी होते. निष्कर्ष असा: कर्मचाऱ्यांची माहिती आणि दृष्टिकोन सुधारू शकतो, हल्ल्यांची संख्या मात्र कदाचित घटत नाही. पुरावाही फारसा भक्कम नाही.

म्हणजे 'आत्मविश्वास वाढला' हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे. बरं, नुसत्या नोंदी मोजल्या तरी फसगत होऊ शकते. प्रशिक्षणानंतर लोक पूर्वी सोडून दिलेली शिवीगाळही लिहू लागले, तर हिंसा तेवढीच राहून आकडा वाढतो.

आता दुसरा नमुना बघा. इंग्लंडमध्ये लेन बोवर्स यांच्या गटाने 'सेफवॉर्ड्स' पद्धत १५ रुग्णालयांतल्या ३१ मानसोपचार वॉर्डांत तपासली (२०१५). चिठ्ठी वॉर्डाच्या नावाने टाकली, व्यक्तीच्या नाही. कारण एकाच पाळीतल्या नर्स एकमेकींकडून शिकतातच. इथे फक्त माणसं शिकवली नाहीत, वॉर्डाची रीत बदलली: परस्पर अपेक्षा स्पष्ट लिहिणं, घरी जाणाऱ्या रुग्णाने इतरांसाठी धीराचा निरोप ठेवणं. तुलना गटापेक्षा संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले. मात्र त्यात हिंसेखेरीज नियम मोडण्यासारखे प्रसंगही धरले होते.

तुमचा प्रस्ताव लिहिताना हे तीन प्रश्न आधी सोडवा: काय मोजणार, कोण नोंदवणार, चिठ्ठी कशाच्या नावाने टाकणार?