ओलावा सेन्सरचे आकडे का सरकतात?

सटाण्याकडच्या डाळिंबबागांत ठिबकसाठी मातीतला ओलावा मोजायचा, तर सेन्सरचे व्होल्टेज आकड्यात बदलावे लागते. ते काम एडीसी चिपचे.

• एडीएस१११५ ही अशीच एक चिप : १६ बिट, ४ चॅनेल. आत रूपांतरक मात्र एकच. मल्टिप्लेक्सर एकेक सेन्सर त्याला जोडून देतो.

• वेग : सेकंदाला ८ ते ८६० नमुने. मूळ सेटिंग १२८, म्हणजे एका नमुन्याला सुमारे ७.८ मिलिसेकंद. चिपचे घड्याळ १० टक्के मागेपुढे असू शकते. म्हणून चिप वाचणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामने ९ मिलिसेकंद थांबावे.

• नेहमीची चूक : चॅनेल बदलून लगेच वाचणे. हाती येतो आधीच्या चॅनेलचा आकडा. कोरडी ओळ नोंदीत ओली दिसते आणि झाडे तहानलेली राहतात.

• तपासणी : चारही चॅनेलना वेगवेगळे, माहीत असलेले व्होल्टेज द्या. आकडे एक घर सरकले, तर वाचन घाईचे. अधूनमधूनच चुकले, तर इंटरप्ट आणि दुसरे टास्क तपासा.

• रेडी पिन : रूपांतर संपल्याचा इशारा देते, अंदाजापेक्षा खात्रीची. त्यासाठी वरच्या मर्यादेच्या रजिस्टरचा सर्वोच्च बिट १ आणि खालच्या मर्यादेच्या रजिस्टरचा ० ठेवावा लागतो.