नऊ तालुके आणि एक कॅपिटल टी

सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर तेच जरा निराळं आणि त्यापायी अनुदान अडकलेलं, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही. माणूस तोच असतो. नोंदवही अक्षरं बघते. डेटाबेसही अक्षरंच बघतो. पंचाईत एवढीच की प्रत्येक डेटाबेसची बघायची रीत वेगळी.

समजा, परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा या नऊ तालुक्यांसाठी रोमन लिपीत ‘तालुके’ नावाचं टेबल केलं आणि सवयीनं पहिला टी कॅपिटल टाकला. नावाला अवतरणचिन्हं नसतील तर ओरॅकल ते सगळं कॅपिटल करून ठेवतो. एसक्यूएलचं प्रमाणही हेच सांगतं. पोस्टग्रेस मात्र सगळं स्मॉल करतो, आणि हे प्रमाणाला धरून नाही अशी कबुली त्याच्याच माहितीपुस्तिकेत आहे. नाव शोधतानाही तोच नियम लागतो, त्यामुळे तुम्ही टी कसाही लिहा, टेबल सापडतं.

घोळ होतो तो दुहेरी अवतरणचिन्हांनी. ती लावली की नाव जसंच्या तसं राहतं, कॅपिटल टीसकट. पुढे कुणी अवतरणचिन्हांशिवाय तेच टेबल मागितलं, की पोस्टग्रेस म्हणतो, असं टेबलच नाही. त्या चूक-संदेशातलं नाव नीट वाचा: टी स्मॉल झालेला दिसेल. सगळं उत्तर त्या एका अक्षरात असतं, आणि नवखा मुलगा नेमकं तेच सोडून दुपारभर पासवर्ड तपासत बसतो. बरं, ही चिन्हं त्यानं स्वतः टाकलेलीही नसतात. टेबल करून देणारी साधनं ती परस्पर लावतात.

मायएसक्यूएलची तऱ्हा त्याहून न्यारी. तिथे टेबलाच्या नावाचा संबंध थेट डिस्कवरच्या फाइलींशी. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नाही, लिनक्सला आहे. म्हणून टेबलाचं नाव कुठे कॅपिटल, कुठे स्मॉल टीनं लिहिलेला, परभणीतल्या विंडोज संगणकावर बिनबोभाट चाललेला प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर चढवला की ‘टेबल सापडत नाही’ म्हणतो. कॉलमच्या नावांना मात्र हा नियम नाही! टेबलांच्या नावांचा हा फरक मिटवायला एक सेटिंग आहे, पण 8.0 आवृत्तीपासून ते सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावं लागतं.

मग नावं सरळ देवनागरीतच दिली तर? आपल्या लिपीत कॅपिटल नाही, स्मॉल नाही. पोस्टग्रेस अशी नावं अवतरणचिन्हांशिवायही घेतो. पण त्याची मर्यादा 63 बाइटची, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार तीन बाइट खातो. ‘परभणी_जिल्हा_शेतकरी_नोंदवही’ हे नाव 75 बाइटचं भरतं. पोस्टग्रेस एक सूचना देऊन ते कापतो आणि उरतं ‘परभणी_जिल्हा_शेतकरी_नों’.

त्याहून बेरकी प्रकरण ‘शेतकऱ्या’तल्या अर्ध्या ऱ्याचं. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पोस्टग्रेससाठी ती दोन वेगळी नावं, म्हणून एकसारखी दिसणारी दोन टेबलं शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदू शकतात. कॅपिटल टी निदान दिसतो तरी.

माझं मत विचाराल तर टेबलांची नावं रोमन लिपीतच, सगळी स्मॉल, शब्दांमध्ये अधोरेषा घालून आणि अवतरणचिन्हांशिवाय ठेवा. मराठी टेबलाच्या आत राहू द्या, म्हणजे गावांच्या, पिकांच्या, माणसांच्या नावांत. आणि नवं साधन वापरायला घेतलंत, तर ते टेबल करताना मागे कोणती आज्ञा लिहितं, हे पहिल्याच दिवशी उघडून बघा.