खर्च रोगावर की भीतीवर?

मुलीची पाळी लांबली, चेहऱ्यावर लव वाढली, की घरात तिच्या लग्नाची चिंता सुरू होते आणि सोनोग्राफीसाठी धावाधाव. वस्तुतः पॉलिसिस्टिक ओव्हरीच्या निदानासाठी किशोरवयात सोनोग्राफी नको, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या वयात निरोगी बीजकोशही तसाच दिसू शकतो. मूळ दुखणे अनेकदा अन्यत्र असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात ते वाढते व बीजकोशाकडून पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करविते. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील जुनी, स्वस्त गोळी ती दाद वाढविते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आहार-व्यायामाच्या जोडीने घेतल्यास काही मुलींची पाळी नियमित होऊ शकते. खर्च करावयाचा तो रोगाच्या मुळावर की आपल्या भीतीवर, एवढा हिशेब पालकांनी मांडावयास हवा.