गुडघ्याचे सांधेरोपण

झिजलेल्या अथवा रोगग्रस्त गुडघ्याचे सांध्यातील पृष्ठभाग काढून त्यांच्या जागी कृत्रिम पृष्ठभाग बसविण्याच्या शस्त्रक्रियेला गुडघ्याचे सांधेरोपण म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. सबंध सांधा बदलला जात नाही. ऊर्वस्थीचे (मांडीच्या हाडाचे) खालचे व अंतर्जंघास्थीचे (नडगीच्या हाडाचे) वरचे टोक सु. १ सेंमी. तासून त्यांवर धातूचे भाग बसवितात आणि त्यांच्यामध्ये पॉलिएथिलिनाची चकती ठेवतात. स्नायू व बाजूचे अस्थिबंध रुग्णाचेच राहतात. म्हणूनच मांडीचे स्नायू दुबळे असतील, तर उत्तम बसविलेला सांधाही नीट चालत नाही.

बर्लिन येथे १८९० मध्ये टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंती सांधे बसवून पाहिले. जंतुसंक्रामणामुळे ते टिकले नाहीत. आजच्या सांध्याचा मूळ नमुना न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये प्रथम वापरला. याच रानावत यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. सांध्यांच्या किंमतींवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती कर वगळून ५४,७२० रु. ठरली.

केवळ क्ष-किरण चित्रावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे. वजन घटविणे, व्यायाम व औषधे यांनी भागत नसेल आणि वेदनेमुळे चालणे व झोप यांत अडथळा येत असेल, तरच ती करावी.

पूर्वतयारी : शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांत मोठी भीती जंतुसंक्रामणाची असते. ते शेकडा एक-दोन रुग्णांतच होते; पण झाल्यास बसविलेला सांधा काढावा लागण्याची पाळी येऊ शकते. मधुमेह आटोक्यात आणणे, रक्तक्षय (पांडुरोग) दूर करणे व धूम्रपान निदान चार आठवडे आधी बंद करणे आवश्यक असते. किडलेले दात, मूत्रमार्गाचा दाह आणि अनवाणी चालण्याने पायांना पडलेल्या भेगा यांवर आधी उपचार करतात. भेगांकडे रुग्ण हमखास दुर्लक्ष करतो. रक्त पातळ करणारी औषधे परस्पर बंद न करता वैद्यांना सांगावीत. मांडीचे स्नायू आवळून धरण्याचा व कुबडी अथवा वॉकर घेऊन चालण्याचा सराव आधीच केलेला बरा. वेदनेत नवे काही शिकणे अवघड जाते.

शस्त्रक्रियेनंतर : बहुतेक रुग्णांना त्याच वा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात. घोटा सतत हलविल्याने व लवकर चालल्याने नीलांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. गुडघ्याखाली उशी ठेवण्याने बरे वाटते, परंतु ती सवय घातक होय. पाय पूर्ण सरळ होईनासा होतो आणि रुग्ण कायमचा लंगडू शकतो. उशी टाचेखाली ठेवावी. सु. दोन आठवड्यांनी टाके काढतात. तोवर गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकावा, अशी अपेक्षा असते. सूज तीन ते सहा महिने राहू शकते व पूर्ण सुधारणेस वर्षही लागते. काही रुग्णांत थोडी वेदना कायम राहते. हे आधी सांगितलेले चांगले.

खुर्चीवर बसण्यास व जिने चढण्यास ९० ते १०० अंशांचे वाकणे पुरते; उकिडवे बसण्यास मात्र १३० अंशांहून अधिक लागते. छत्रपती संभाजीनगर-पैठण मार्गावरील बिडकीनसारख्या गावांत खुरपणी, चुलीपुढील स्वयंपाक, पंगत आणि भारतीय बैठकीचे शौचालय या साऱ्यांत गुडघा पुरता दुमडावा लागतो. शहरात शस्त्रक्रिया करून काही दिवसांत गावी परतलेल्या रुग्णाजवळ भौतिकोपचारतज्ज्ञ बहुधा नसतो. म्हणून घरच्या एकाने तरी रुग्णालयातच व्यायाम शिकून घ्यावेत. शौचालयावर ठेवावयाची कमोडची खुर्ची, उंच पलंग व दाराशी धरावयास कठडा यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करावी. शेतात परतल्यावर खुरपणी उभ्याने वापरावयाच्या लांब दांड्याच्या अवजाराने करता येते.

नीट बसविलेल्या सांध्यांपैकी सु. ८० टक्के सांधे २५ वर्षांनंतरही कामी येत असल्याचे आढळले आहे. जखमेतून पाणी वा पू येणे, ताप, पोटरीत एकाएकी वेदना व सूज किंवा दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. घरी शेक देणे अथवा तेलाने मालीश करणे अशा वेळी धोक्याचे असते. पोटरी चोळल्याने नीलेतील गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.